‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असं आलं की आधी काय बघायचं आणि मग कशाला हात लावायचा

जून-जुलैत ॲडमिशनचे फॉर्म सुरू झाले की मला हमखास फोन येतात, साइट उघडत नाहीये, लाल त्रिकोण येतोय, आज शेवटची तारीख आहे. आणि फोन येईपर्यंत समोरच्याने निम्म्या गोष्टी करून ठेवलेल्या असतात, हिस्टरी उडवलेली, क्रोम काढून परत टाकलेलं, अँटीव्हायरस बंद, कुणीतरी सांगितलं म्हणून डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकड्यातला पत्ता शोधणारी सेवा) बदललेला, आता त्यात मूळ बिघाड कुठला आणि नंतर घातलेला कुठला हे ओळखणंच मुश्कील होऊन बसतं. माझ्या मावसभावाने तर अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतला, पाचशे रुपये गेले, मुलीच्या बारशाचे फोटो गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच एरर परत. बिघाड होता मदरबोर्डवरच्या एका बटणाएवढ्या सेलचा. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. मधली पायरी गाळू नका, कारण पुढे कुठे वळायचं ते मागच्या पायरीवर ठरतं.

एवढं डोक्यात ठेवा: पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलं की ब्राउझर त्या साइटकडे सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, मागतो आणि तीन गोष्टी तपासतो. त्यावरचं नाव याच साइटचं आहे का, आजची तारीख त्याच्या मुदतीत बसते का, आणि ते देणारी संस्था ओळखीची आहे का. तिघांपैकी एक जरी चुकलं की लाल पान. आणि कधीकधी सर्टिफिकेट यायच्या आधीच बोलणी तुटतात, तेव्हा वेगळा एरर येतो.

## सुरू करण्याआधी

दुसरा एक चालू मोबाइल जवळ ठेवा, त्यात डेटा पॅक असलेला. एरर आलेल्या स्क्रीनचा फोटो काढा, पूर्ण स्क्रीनचा, बारीक अक्षरांसकट. एक कागद घ्या आणि काय काय बदललं ते लिहीत चला, म्हणजे उपयोग झाला नाही तर परत होतं तसं करता येईल. एका वेळी एकच बदल करायचा.

सावधान: हे सगळं निस्तरेपर्यंत त्या कॉम्प्युटरवरून बँक, यूपीआय, ओटीपी असलं काहीही करू नका (पायरी ४ मधलं वायफायचं लॉगिन तेवढं सोडून). आणि लाल पानावरचं ‘प्रगत’ दाबून खालच्या ‘असुरक्षित साइटवर पुढे जा’ या लिंकला हात लावू नका. त्याने बिघाड जात नाही, फक्त दिसेनासा होतो, आणि मध्ये खरंच कुणी बसलेलं असेल तर तुमचा पासवर्ड सरळ त्याच्या हातात जातो. काही साइटवर ती लिंक येतच नाही, कारण त्या साइटने ब्राउझरला आधीच बजावून ठेवलेलं असतं की माझ्याशी सुरक्षित नसेल तर बोलूच नकोस. तिथे लिंक आणायच्या युक्त्या शोधत बसू नका.

## पायरी १: एररचं नाव वाचा

लाल पानावर मोठ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं ते जवळपास सगळीकडे सारखंच असतं, त्यावरून काही कळत नाही. खाली बारीक इंग्रजी अक्षरात, मध्ये आडव्या रेघा असलेलं जे नाव असतं ते खरं. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारतो आणि दहातले आठ जण सांगतात, ‘काहीतरी इंग्लिशमध्ये आहे’. ते काहीतरीच हवंय.

नावात डेट इनव्हॅलिड असेल किंवा ‘तुमचे घड्याळ मागे आहे’ असं स्वच्छ लिहिलेलं असेल तर पायरी २ मध्येच काम व्हायची शक्यता जास्त. ऑथॉरिटी इनव्हॅलिड, किंवा फायरफॉक्समध्ये अननोन इश्युअर, म्हणजे सर्टिफिकेट देणारा अनोळखी आहे, त्यामागे बहुतेक वेळा अँटीव्हायरस, जुना फोन किंवा वायफायचं लॉगिन असतं. कॉमन नेम इनव्हॅलिड म्हणजे नाव एकाचं आणि कार्ड दुसऱ्याचं. प्रोटोकॉल एरर किंवा व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच म्हणजे तुमचा ब्राउझर आणि समोरचा सर्व्हर यांची भाषाच जुळत नाहीये. आणि कनेक्शन रीसेट, टाइम्ड आउट, नेम नॉट रिझॉल्व्ह्ड यांचा सर्टिफिकेटशी संबंध नाही, ते नेटवर्कचं दुखणं आहे, तिथे घड्याळ एकदा बघून थेट पायरी ३ ला जा.

## पायरी २: तारीख, वर्ष, टाइमझोन

सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडतं आणि सगळ्यात जास्त लोक इथेच नीट बघत नाहीत. कोपऱ्यातलं घड्याळ बघून ‘वेळ बरोबर आहे’ म्हणतात, पण वर्ष कोण बघतं? घड्याळावर क्लिक करून पूर्ण तारीख उघडा. वर्ष, महिना, मग एएम की पीएम, मग टाइमझोन. भारतात असाल तर यूटीसी अधिक ५:३०. टाइमझोन अमेरिकेचा ठेवून काटे हाताने भारताच्या वेळेवर आणले तर स्क्रीनवर वेळ बरोबर दिसते पण आतला हिशोब साधारण दहा ते साडेतेरा तासांनी पुढे गेलेला असतो, मग बाकीच्या साइट उघडतात आणि ज्यांच्या सर्टिफिकेटची मुदत पुढच्या काही तासांत संपणार आहे त्या उघडत नाहीत, आणि माणूस चक्रावतो.

विंडोजमध्ये सेटिंगमधल्या ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये जाऊन आपोआप वेळ घ्यायचं बटण चालू करा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. फरक काही वर्षांचा असेल तर बऱ्याचदा सिंक नकार देतं, म्हणून आधी हाताने मोबाइल बघून बरोबर तारीख टाका, मग सिंक. उलट्या क्रमाने केलं की लोक म्हणतात सिंक बिघडलंय. फोनमध्ये ‘नेटवर्कने दिलेली वेळ वापरा’ चालू असलं की पुरे, पण सिम नसलेल्या जुन्या टॅबवर तारीख हाताने बघावीच लागते.

वेळ सुधारल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करा, सगळ्या खिडक्या, आणि परत उघडा.

तपासा: आता कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करा, अर्धा-एक तास थांबा, परत चालू करा. तारीख पुन्हा मागे गेली? मग मदरबोर्डवरचा सेल संपलाय. आपल्याकडे रात्री बोर्डाचं बटण बंद करायची सवय असते, म्हणून हा प्रकार रोज सकाळी दिसतो आणि दुपारी कुणीतरी तारीख सुधारली की गायब होतो. मावसभावाचं नेमकं हेच होत होतं.

सेल कसा बदलायचा तेही इथेच सांगतो. डेस्कटॉपमध्ये बहुतेक ठिकाणी सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा गोल सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल काढण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये जा, त्यासाठी चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहायचं, आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः हार्डडिस्कची सेटिंग आयडीई आहे की एएचसीआय. सेल काढला की बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जाऊ शकतं, हा मोड बदलला तर विंडोज चालूच होत नाही, आणि मग लोक म्हणतात सेल बदलल्यावर कॉम्प्युटर मेला. फोटो काढून झाले की प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, बाजूची पट्टी हळूच सरकवून सेल काढा, नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा. चालू करताना पुन्हा बायोसमध्ये जाऊन तारीख टाका, फोटोंशी पडताळा, सेव्ह करा. लॅपटॉपचा सेल मात्र घरी उघडू नका, दुकानात द्या.

सावधान: एखादी साइट ‘मुदत संपली’ म्हणते म्हणून मुद्दाम तारीख मागे करून ती उघडणारे लोक मी पाहिलेत. ती एक साइट उघडेल, बाकीच्या बंद पडतील, आणि त्या काळात हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या नोंदींवर चुकीची तारीख बसेल, ती नंतर निस्तरताना घाम फुटतो.

घड्याळाबद्दल इतकं लिहितोय त्याला कारण आहे. सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती, ती आता टप्प्याटप्प्याने कमी होतेय, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये ४७ दिवस. मुदत जितकी छोटी तितकी घड्याळातली चूक लवकर अंगाशी येणार.

## पायरी ३: दोष नेमका कुणाचा ते वेगळं काढा

इथे अजून काहीही दुरुस्त करायचं नाही. फक्त तीन प्रश्न, उत्तरं कागदावर.

पहिला, एकच साइट अडतेय की सगळ्याच? तीन-चार वेगवेगळ्या साइट उघडून बघा. दुसरा, त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडते का, आणि त्याच ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खाजगी) खिडकीत उघडते का? इनकॉग्निटोत उघडली तर जुन्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) नाहीतर एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेलं छोटं ॲप) आडवं येतंय, एकेक बंद करून बघा. तिसरा, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडून त्याच कॉम्प्युटरवर उघडते का? उघडली तर कॉम्प्युटर निर्दोष, दोष तुमच्या वायफायचा किंवा नेट देणाऱ्याचा.

नेहमीची चूक इथली ही: ‘माझ्या फोनवर त्याच वायफायवर उघडते की’. वायफाय अडलं की बरेच फोन न सांगता मोबाइल डेटावर जातात. तपासताना फोनचा डेटा बंद करा, मगच त्या तपासणीला अर्थ आहे.

आता वळा. सगळ्या साइट, सगळ्या नेटवर्कवर अडतात: पायरी ५ आणि ६. फक्त एका वायफायवर अडतात: पायरी ४ आणि ७. एकच साइट, सगळीकडे, सगळ्यांच्या फोनवर अडते: सरळ पायरी ८, तुमच्या मशीनला उगाच त्रास देऊ नका.

## पायरी ४: वायफायने लॉगिन मागितलंय का

रेल्वे स्टेशन, हॉस्टेल, लॉज, कॉलेज. इथे वायफाय जोडलं तरी आधी मोबाइल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो, आणि ते होईपर्यंत तुम्ही कुठलीही साइट मागा, वायफाय मध्येच आपलं लॉगिनचं पान घुसवायला बघतं. सुरक्षित साइटच्या जागी दुसऱ्याचं पान आलं की ब्राउझर ओरडणारच, बरोबरच आहे त्याचं.

उपाय सोपा: पत्त्याच्या जागी नेव्हर एसएसएल डॉट कॉम टाका, इंग्रजीत, सगळं जोडून. ही साइट मुद्दाम असुरक्षित ठेवलेली आहे, त्यामुळे वायफायला तिथे आपलं पान दाखवता येतं. लॉगिन करा, मग तुमची साइट परत उघडा. लॉगिन होऊनही लाल पान येतच राहिलं तर त्या वायफायचा नाद सोडा, मोबाइल डेटा वापरा. आणि वायफायने सर्टिफिकेट किंवा एखादं ॲप इन्स्टॉल करा म्हटलं तर अजिबात नाही.

## पायरी ५: मध्ये कोण बसलंय ते बघा

बरीच अँटीव्हायरस तुमचं सुरक्षित पान वाटेत उघडून तपासतात आणि स्वतःचं सर्टिफिकेट लावून पुढे पाठवतात. लायसन्स संपलं किंवा अपडेट अर्धवट राहिलं की ते सर्टिफिकेट ब्राउझरला पटत नाही, आणि एका रात्रीत सगळ्या साइट बंद. लोकांना वाटतं नेट गेलं.

ओळखायचं असं. पत्त्याच्या डावीकडे ‘सुरक्षित नाही’ असेल त्यावर क्लिक करून सर्टिफिकेटचा तपशील उघडा. क्रोममध्ये कुलूप शोधू नका, सप्टेंबर २०२३ पासून डेस्कटॉपवर कुलपाच्या जागी दोन आडव्या रेघांचं चिन्ह आहे. तपशिलात ‘इश्यूड बाय’समोर कुणाचं नाव आहे ते वाचा. अँटीव्हायरसचं असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये एचटीटीपीएस स्कॅनिंग किंवा एन्क्रिप्टेड कनेक्शन तपासणं असं काहीतरी असतं, फक्त तेवढंच पाच मिनिटांसाठी बंद करून बघा. साइट उघडली तर कारण सापडलं, आता अँटीव्हायरस अपडेट करा, नाहीतर काढून परत टाका म्हणजे त्याचं सर्टिफिकेट नीट बसतं. अख्खा अँटीव्हायरस कायमचा बंद करून ठेवणं हा उपाय नाही.

ऑफिसचं नाव दिसलं आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांना फोन करा, स्वतः काही करू नका. घरच्या मशीनवर भलतंच अनोळखी नाव दिसलं तर मात्र थांबा, नेट तोडा, अलीकडे कुठलं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं ते आठवून काढा, पूर्ण स्कॅन करा.

प्रॉक्सी, म्हणजे तुमचं नेट ज्याच्यामार्फत जातं तो मधला सर्व्हर, तोही इथेच बघून घ्या. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सी म्हणून पान असतं, तिथे हाताने भरलेला पत्ता चालू असेल आणि तुम्ही तो भरलेला नसेल तर बंद करा. हॉस्टेलहून सुट्टीत घरी आलेल्या मुलांच्या लॅपटॉपवर हे फार दिसतं, कॉलेजचा प्रॉक्सी तसाच राहिलेला असतो. व्हीपीएन असेल तर तेही बंद करून बघा.

तपासा: सगळं उघडायला लागल्यावर एक्सपायर्ड डॉट बॅडएसएसएल डॉट कॉम उघडा, इंग्रजीत. ही चाचणीसाठी मुद्दाम मुदत संपलेलं सर्टिफिकेट लावलेली साइट आहे. इथे अडवलं गेलं पाहिजे. ही निमूट उघडली तर तुमच्याकडची तपासणीच कुणीतरी बंद पाडलेली आहे, आणि ते मूळ दुखण्यापेक्षा वाईट.

## पायरी ६: मशीन किंवा फोनचं वय

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ नंतर पुढे जात नाही, एक्सपीवर तर ४९ ला थांबलं. टीएलएस १.० आणि १.१ या सुरक्षित बोलणी करायच्या जुन्या पद्धती मोठ्या ब्राउझरनी २०२० च्या सुमारास बंद केल्या आणि सर्व्हरनीही, त्यामुळे फार जुना ब्राउझर कितीही सेटिंग केलं तरी नव्या साइटशी बोलू शकत नाही. विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ ईएसआर टाकून काम भागतं, तेही तात्पुरतं समजा.

अँड्रॉइडचं दुखणं वेगळं आहे. ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये ओळखीच्या संस्थांची जी यादी असते तिच्यात लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं आताचं मूळ सर्टिफिकेट नाही, आणि जगातल्या ढीगभर साइट त्यांचंच सर्टिफिकेट वापरतात. काही वर्षं आधीपासून ओळखीच्या दुसऱ्या संस्थेच्या एका जोड-सहीवर गाडी चालली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. घरातल्या आजी-आजोबांकडे दिलेल्या जुन्या फोनवर ‘काही साइट उघडतात काही नाही’ असं असेल तर आवृत्ती बघा. फायरफॉक्स स्वतःची यादी स्वतःसोबत आणतो, फोनची वापरत नाही, म्हणून प्ले स्टोअरवर त्या फोनला जी फायरफॉक्सची आवृत्ती मिळेल ती टाकली की तीच साइट बहुतेक वेळा उघडते. वाचायला, बातम्यांना ठीक. बँकेसाठी असला फोन वापरू नका.

सावधान: ‘हे सर्टिफिकेट टाका, सगळ्या साइट चालतील’ म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली फाइल टाकली की ती बनवणाऱ्याला तुमची सगळी सुरक्षित पानं वाचायची किल्ली मिळू शकते.

## पायरी ७: पान नुसतं फिरत राहतं

एरर येत नाही, नुसतं गोल गोल फिरतं आणि शेवटी टाइम आउट. काही साइट उघडतात, काही कधीच नाही. हॉटस्पॉटवर मात्र सगळं चालतं. गावोगावच्या केबलवाल्यांचं नेट, ज्यात राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरलेला असतो, तिथे हे होतं. नेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जाते, आणि त्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट आधीच खर्ची पडतात, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ बाइटचंच पॅकेट जातं, आणि राउटर किंवा पुढचं काहीतरी हे नीट कळवत नसेल तर सुरक्षित बोलणी सुरू करतानाची मोठी पॅकेटं वाटेतच गळतात.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग लिहा, मग डॅश एफ, डॅश एल, १४६४ आणि शेवटी ८.८.८.८, सगळं इंग्रजीत, मध्ये स्पेस देऊन. उत्तर आलं तर ठीक. ‘पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ आलं किंवा काहीच आलं नाही तर आकडा दहा-दहाने कमी करत जा, चालेल त्या आकड्यात २८ मिळवा, आणि ते उत्तर राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटच्या) सेटिंगमध्ये एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) म्हणून टाका. आधीचा आकडा कागदावर लिहूनच. राउटर बंद-चालू करा आणि अडलेल्या साइट परत बघा.

‘नेम नॉट रिझॉल्व्ह्ड’ येत असेल तर एमटीयू नाही, डीएनएस बघा, तो १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघायला हरकत नाही. अँड्रॉइड ९ पासून पुढे ‘प्रायव्हेट डीएनएस’ म्हणून सेटिंग आहे, जाहिराती बंद करायला कुणीतरी तिथे भलताच पत्ता भरून ठेवलेला असतो, तो काढून ‘ऑटोमॅटिक’ करा.

## पायरी ८: दोष साइटचाच असेल तर

सगळ्यांकडे, सगळ्या नेटवर्कवर एकच साइट मुदत संपली म्हणत असेल तर ती त्यांची चूक आहे, सर्टिफिकेट नवीन करायला विसरलेत. तुमच्याकडे करण्यासारखं काही नाही. फोटो काढलेला आहे ना, तो त्यांच्या मदत केंद्राला मेल करा, तारीख आणि वेळ लिहून. फॉर्मची शेवटची तारीख असेल तर हा मेल पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून किंवा काढून मात्र एकदा बघा, कधी सर्टिफिकेट दोघांपैकी एकाच नावाचं असतं.

‘पुढे जा’ दाबायचा एकच प्रसंग मी मान्य करतो. जीएसटीचं रिटर्न डिजिटल सहीच्या डोंगलने भरताना सहीचं सॉफ्टवेअर तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटा सर्व्हर चालवतं, पत्ता १२७.०.०.१ आणि पुढे विसर्गासारखी दोन टिंबं देऊन १५८५. त्याचं सर्टिफिकेट स्वतःचंच स्वतः दिलेलं असतं, म्हणून ब्राउझर अडवतो आणि पोर्टलवर ‘कनेक्शन झालं नाही’ दिसतं. तिथे आधी सॉफ्टवेअर चालू आहे ना ते खालच्या कोपऱ्यात बघा, मग नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएस लावून तो पत्ता उघडा, तो १२७.०.०.१ नेच सुरू होतोय हे अक्षर अक्षर वाचा, मग परवानगी द्या आणि पोर्टलवर जाऊन पान रिफ्रेश करा. पत्ता दुसरा कुठलाही असेल तर टॅब बंद करा.